पोहरादेवीची यात्रा आणि माहितीची खिडकी : साधा वेब एपीआय कसा बांधतात?

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान होय. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर यांमुळे या गावाला बंजारा समाजाची काशी म्हटले जाते. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून भाविक येतातच. पण तेलंगण, आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातील तांड्यांवरूनही लोक मोठ्या संख्येने येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्यामुळे यात्रेखेरीज येथे येण्यास आणखी एक निमित्त मिळाले आहे.

या भाविकांचे प्रश्न साधे असतात. गावाला रेल्वे नाही. नांदेड-पूर्णामार्गे येणारा माणूस वाशिमला उतरतो. तेथून पुढची बस केव्हा? परतीची शेवटची गाडी किती वाजता? वाहनतळ कोणत्या बाजूला, पिण्याचे पाणी कोठे, प्रथमोपचार केंद्र कोठे, लेकरू हरवले तर जायचे कोणाकडे? रामनवमी २०२४ मध्ये १७ एप्रिलला आली, तर २०२५ मध्ये ६ एप्रिलला. वऱ्हाडातील एप्रिलच्या उन्हात पाण्याच्या जागेसाठी पाचशे पावले चुकीच्या दिशेने चालावे लागणे ही म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हे.

यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे कोणत्या ना कोणत्या यंत्रणेकडे असतातच. ती फलकावर रंगवली जातात, पत्रकावर छापली जातात आणि त्या पत्रकाचे छायाचित्र मोबाइलवरून गावोगाव फिरते. अडचण अशी की, छायाचित्र एकदा पाठवले की ते पाठवणाऱ्याच्या हातून सुटते. वाहनतळ ऐन वेळी दुसरीकडे हलवला तरी जुने चित्र फिरतच राहते. शिवाय त्यावरील मजकूर मराठीत असतो. आंध्रातील भाविक घरी गोरबोली बोलत असला तरी वाचतो तेलुगू. कर्नाटकातला वाचतो कन्नड. चित्रातील मजकुराचे भाषांतर करायचे, तर कोणीतरी तो पुन्हा पहिल्यापासून टंकलिखित करावा लागतो.

या अडचणीवर संगणकाच्या जगात एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. माहिती एकाच ठिकाणी ठेवायची आणि ती कोणत्याही संकेतस्थळाला किंवा अ‍ॅपला मागता येईल अशी एक खिडकी उघडायची. या खिडकीला एपीआय म्हणतात. पोहरादेवीच्या यात्रेचा नमुना समोर ठेवून असा एपीआय कसा बांधतात, त्याची माहितीपुस्तिका आपोआप कशी तयार होते आणि परक्या संकेतस्थळांना तो वापरू देण्यासाठी काय करावे लागते, हे येथे पाहू. येथील यात्रेचा एपीआय हा केवळ समजावून सांगण्यासाठी योजलेला आहे. त्यामागची तंत्रे मात्र प्रत्यक्ष वापरातली आहेत.

यंत्रांसाठी चौकशीची खिडकी

एसटी स्थानकावरील चौकशीच्या खिडकीशी आपण विशिष्ट प्रकारे बोलतो. 'दिग्रसची गाडी केव्हा?' असे विचारले की वेळ आणि फलाट क्रमांक एवढेच उत्तर येते. आत बसलेला कर्मचारी वही चाळतो की संगणक पाहतो, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. एपीआय, म्हणजेच अ‍ॅप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस, ही अशीच खिडकी आहे; फरक इतकाच की, येथे विचारणाराही संगणकाचा प्रोग्रॅमच असतो.

वेब एपीआयमध्ये प्रश्न वेबच्या पत्त्याच्या रूपाने विचारला जातो आणि उत्तर बहुधा जेसन नावाच्या साध्या लेखी स्वरूपात येते. त्यात रंग, चित्रे, जाहिराती काही नसते. 'नाव : पाणपोई, अक्षांश : अमुक, रेखांश : अमुक' अशा जोड्यांची यादी, एवढेच. संकेतस्थळाचे पान माणसाच्या डोळ्यांसाठी असते. एपीआयचे उत्तर दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी असते. तेच उत्तर घेऊन एकजण नकाशा काढील, दुसरा तेलुगू पान तयार करील आणि तिसरा ध्वनिक्षेपकावरून करायच्या घोषणांची यादी छापील.

रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील आपल्या प्रबंधात 'रेस्ट' ही रचनापद्धती मांडली. आजचे बहुतेक वेब एपीआय कमीअधिक प्रमाणात तिच्याच वळणाने जातात. जून २००५ मध्ये गूगलने आपल्या नकाशांचा एपीआय खुला केल्यावर परक्याची माहिती आपल्या पानावर आणता येते, हे सर्वसामान्य संकेतस्थळचालकांच्या लक्षात आले.

'कोविन'चा अनुभव

महाराष्ट्रातील सामान्य माणसाचा एपीआयशी संबंध आला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी एप्रिलअखेर अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरणाची नोंदणी सुरू झाली आणि 'कोविन'चा सार्वजनिक एपीआय केंद्र सरकारच्या 'एपीआय सेतू' या मंचावर उपलब्ध झाला. कोणत्या जिल्ह्यातील कोणत्या केंद्रावर किती लसी शिल्लक आहेत, हे कोणत्याही प्रोग्रॅमला विचारता येऊ लागले. जिल्हा नावाने नव्हे, तर क्रमांकाने विचारायचा होता; पुण्याचा क्रमांक ३६३, मुंबईचा ३९५. त्याचे माहितीपान उघडून तेथल्या तेथे प्रश्न विचारून पाहता येत असे. ठिकठिकाणच्या तरुणांनी त्यावरून वेळ रिकामी होताच सूचना देणारी साधने बनवली.

पुढे जे घडले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच प्रश्न विचारता येतील आणि उत्तरातील माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल, अशी बंधने मे महिन्यात घालण्यात आली. दरम्यान शहरांतील संगणक जाणणाऱ्यांनी ग्रामीण केंद्रांवरील वेळा आधीच पटकावल्या आणि गावातला माणूस गावातल्याच केंद्राबाहेर राहिला, अशा तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून आल्या. खिडकी उघडी असली तरी तिच्यापर्यंत लवकर कोण पोहोचतो, हा प्रश्न उरतोच. यात्रेच्या माहितीत कोणाचा हिस्सा कोणी पळवण्यासारखे काही नाही. पाणपोईची जागा दहा हजार जणांना कळली म्हणून कमी होत नाही. तेव्हा असा एपीआय खुला ठेवण्यात धोका थोडा आणि लाभ मोठा. सरकारी धोरणही याला अनुकूलच आहे. सरकारी माहिती खुली करण्याविषयीचे राष्ट्रीय धोरण २०१२ चे, तर सरकारी एपीआय खुले असावेत याविषयीचे धोरण २०१५ चे.

आधी माहिती, मग संगणक

एपीआय बांधायला बसलेला नवशिका प्रथम प्रोग्रॅम लिहू लागतो. वस्तुतः पहिले दोन दिवस कागद-पेन्सिलीचे असतात. आपल्या नमुन्यात चार याद्या पुरेशा आहेत : ठिकाणे, बसगाड्या, कार्यक्रम आणि सूचना. यांतील प्रत्येक नोंदीत कोणत्या बाबी असतील, त्यांतील कोणती सक्तीची आणि कोणती ऐच्छिक, हे आधी ठरवावे लागते.

पहिला घोळ नावांचा होतो. जिल्ह्याचे नाव कोणी 'वाशिम' लिहितो, कोणी 'वाशीम'. पोहरादेवीला 'पोहरा' आणि 'पोहरागड' असेही म्हणतात. माणसाला हे सारे एकच. संगणकाला मात्र ही वेगवेगळी गावे. पोहरादेवीच्या दर्शनाला आलेले भाविक जवळच्याच उमरीलाही जातात. पण उमरी नावाचा एक तालुका नांदेड जिल्ह्यातही आहे आणि सिकंदराबाद-मनमाड रेल्वेमार्गावर त्याच नावाचे स्थानकही आहे. तेलंगणातून येणाऱ्याच्या मोबाइलने 'उमरी' एवढ्याच शब्दावरून वाट दाखवली, तर तो भलतीकडेच उतरायचा. म्हणून गावाची ओळख नावाने न ठेवता संकेतांकाने ठेवतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि वाशिम जिल्ह्याचा ५०२ आहे. गावांनाही असेच स्वतंत्र संकेतांक आहेत. पंचायत राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतही ते मिळतात.

दुसरा प्रश्न लिपीचा. लमाणी किंवा लंबाडी ही आपली मातृभाषा असल्याचे २०११ च्या जनगणनेत बत्तीस लाखांहून अधिक लोकांनी सांगितले होते. त्यांची गणना हिंदीच्या सदरात झाली, हा भाग निराळा. या भाषेला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत. म्हणून प्रत्येक ठिकाणाच्या नावासाठी एकच रकाना न ठेवता लिपीनुसार तीन ठेवावेत आणि तेलुगू-कन्नडचे रकाने ऐच्छिक असावेत. ज्याला ते भरता येतील तो पुढे भरील. युनिकोडमुळे या साऱ्या लिपी एकाच उत्तरात सुखाने नांदतात. फक्त प्रश्नाच्या पत्त्यात देवनागरी घालू नये. 'पोहरादेवी' हा शब्द युनिकोडच्या नऊ चिन्हांचा. साठवताना त्याचे सत्तावीस बाइट होतात, आणि वेबच्या पत्त्यात तो प्रत्येक बाइटमागे तीन अक्षरे या हिशेबाने एक्याऐंशी अक्षरांचा होतो. असा पत्ता कोणी दूरध्वनीवर सांगू शकणार नाही.

तिसरी बाब वेळेची. एपीआयचा संगणक बहुधा परदेशातील किंवा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेला असतो. वेळेसोबत 'अधिक साडेपाच तास' ही भारतीय प्रमाणवेळेची खूण नसेल, तर सकाळी सहाची बस कोणाच्या तरी पडद्यावर रात्री साडेबाराला सुटते.

प्रोग्रॅम किती मोठा?

एवढी पूर्वतयारी झाली की प्रत्यक्ष प्रोग्रॅम शंभर ओळींच्या आत बसतो. त्यासाठी अनेक साधने आहेत; नवशिक्याला पायथन भाषेतील 'फास्टएपीआय' सोयीचे पडते. सेबास्टियन रामीरेझ या कोलंबियन प्रोग्रॅमरने २०१८ च्या अखेरीस ते प्रसिद्ध केले. ते मुक्त आणि विनामूल्य आहे. साध्या लॅपटॉपवर पायथन असल्यास एका आज्ञेने ते बसवता येते.

कामाची रीत अशी. प्रथम 'ठिकाण' या नोंदीचा साचा लिहायचा : क्रमांक हा पूर्णांक, नाव हा मजकूर, प्रकार हा 'पाणी', 'वाहनतळ', 'उपचार', 'निवास' यांपैकी एक, अक्षांश-रेखांश हे दशांश अपूर्णांक. मग एक छोटे फंक्शन लिहायचे, जे ठिकाणांची यादी परत करते. त्या फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की अमुक पत्त्यावर प्रश्न आल्यास हे फंक्शन चालवावे, असा त्याचा अर्थ होतो. 'फक्त पाण्याची ठिकाणे द्या' असे विचारता यावे म्हणून फंक्शनला 'प्रकार' हा ऐच्छिक घटक जोडायचा. दुसरे फंक्शन एका क्रमांकाचे एकच ठिकाण देईल. तो क्रमांक यादीत नसेल तर ४०४ हा संकेत. माहिती सुरुवातीला साध्या फाइलमध्ये ठेवली तरी चालते. पुढे 'एसक्यूलाइट'सारख्या छोट्या डेटाबेसमध्ये हलवावी.

साचा लिहिण्याचा खरा लाभ चुकीची माहिती आत येताना दिसतो. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल ही नकाशाच्या कामातील नेहमीची चूक आहे. महाराष्ट्राचे अक्षांश सुमारे साडेपंधरा ते बावीस आणि रेखांश साडेबहात्तर ते एक्याऐंशी यांच्या दरम्यान आहेत. साच्यात अक्षांशाची मर्यादा १५ ते २३ अशी एकदा नोंदवून ठेवली की कोणी अक्षांशाच्या जागी ७७ लिहिताच एपीआय ती नोंद नाकारतो, ४२२ हा संकेत देतो आणि कोणत्या रकान्यात काय चुकले तेही कळवतो. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागत नाही.

आपोआप तयार होणारी माहितीपुस्तिका

खिडकी बांधली, पण तिथे काय विचारता येते, हे बाहेरच्याला कळणार कसे? पूर्वी त्यासाठी वेगळी माहितीपुस्तिका लिहावी लागे. ती लिहिण्याचा सर्वांना कंटाळा, आणि लिहिली तरी महिन्याभरात प्रोग्रॅम पुढे जाई व पुस्तिका मागे राही. पुस्तिकेत 'प्रकार' लिहिलेला आणि प्रत्यक्षात रकान्याचे नाव बदललेले, असा अनुभव संगणकाच्या धंद्यातील प्रत्येकाला आहे.

यावरचा उपाय एका शब्दकोशाच्या घरी सापडला, ही मोठी गमतीची गोष्ट. 'वर्डनिक' हा इंग्रजीचा ऑनलाइन कोश आपले शब्द इतरांना एपीआयद्वारे देत असे. त्याची माहितीपुस्तिका प्रोग्रॅमसोबत अद्ययावत राहावी म्हणून तेथील टोनी टॅम यांनी २०१० च्या सुमारास 'स्वॅगर' तयार केले. एपीआयचे संपूर्ण वर्णन यंत्राला वाचता येईल अशा एका ठरावीक नमुन्यात लिहायचे आणि त्यावरून माणसाला वाचण्याचे पान यंत्रानेच तयार करायचे, ही त्यामागची कल्पना. २०१५ मध्ये हा नमुना लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपवण्यात आला आणि तेव्हापासून 'ओपनएपीआय' या नावाने तो ओळखला जातो. गोरबोलीचा एखादा कोश उद्या एपीआयच्या रूपाने खुला झाला, तर त्याचीही पुस्तिका याच नमुन्यात लिहिली जाईल.

फास्टएपीआयमध्ये हे वर्णन आपण लिहिलेल्या साच्यांवरून आणि फंक्शनवरून आपोआप निघते. एपीआय सुरू केल्यावर त्याच्या पत्त्यापुढे 'डॉक्स' हा शब्द जोडला की एक पान उघडते. त्यावर सर्व प्रश्नांची यादी, प्रत्येकाचे घटक, उत्तराचा नमुना आणि प्रश्न तेथेच विचारून पाहण्याचे बटण असते. 'रीडॉक' या दुसऱ्या पत्त्यावर तीच माहिती वाचनासाठी सोयीच्या मांडणीत मिळते. फंक्शनमध्ये 'प्रकार'ऐवजी दुसरा शब्द वापरला की पुढच्या वेळी पान उघडताना तो बदल तेथे झालेला दिसतो.

मात्र 'आपोआप' या शब्दाला फार भुलू नये. रकान्याचे नाव आणि त्यातील मजकुराचा प्रकार यंत्राला कळतो. अर्थ कळत नाही. 'अंतर' असा रकाना असेल तर ते किलोमीटरमध्ये की मीटरमध्ये, मंदिरापासून की बसस्थानकापासून, हे माणसानेच लिहिले पाहिजे. प्रत्येक रकान्यासाठी एक वाक्य आणि एक उदाहरण लिहिण्याची सोय साच्यातच असते. हे वाक्य मराठीत लिहिता येते. वापरणारे कर्नाटक-तेलंगणाचे असतील म्हणून शेजारी इंग्रजीतही द्यावे. एवढी अर्ध्या दिवसाची मेहनत वाचवणाऱ्यांचे एपीआय पुढे कोणी वापरत नाही, हे सरकारी आणि खासगी दोन्हींकडे दिसते.

आणखी एक बारकावा. हे पान सजवण्यासाठी लागणारे साहित्य मूळ मांडणीत बाहेरच्या संकेतस्थळावरून येते. यात्रेच्या गर्दीत नेटवर्क बसले, किंवा इंटरनेट नसलेल्या खोलीत लॅपटॉपवर प्रात्यक्षिक दाखवायचे ठरले, तर एपीआय चालू असूनही माहितीपान कोरे दिसते. ते साहित्य आपल्याच संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय आहे. ती आधीच करून ठेवावी.

परक्या पानावरून आलेला प्रश्न

आता अधिक गुंतागुंतीचा भाग. समजा, हैदराबादच्या एका तरुणाने यात्रेकरूंसाठी तेलुगू पान तयार केले. ते त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर आहे, एपीआय दुसऱ्या पत्त्यावर. पान उघडते, एपीआयकडे प्रश्न जातो, एपीआय उत्तरही पाठवतो. पण पडद्यावर काहीच उमटत नाही. ब्राउझरच्या तपासणी खिडकीत 'कॉर्स'च्या नावाने लाल अक्षरांत तक्रार दिसते. एपीआयच्या माहितीपानावर मात्र तोच प्रश्न सुरळीत चालतो. येथे नवशिक्यांचे दिवसच्या दिवस जातात.

याचे मूळ ब्राउझरच्या एका जुन्या नियमात आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यास नेटस्केप नॅव्हिगेटरमध्ये जावास्क्रिप्ट आली, तेव्हाच एका उगमाच्या पानाने दुसऱ्या उगमाची माहिती वाचू नये, असे बंधन आले. कारण स्पष्ट आहे. आपण एका खिडकीत बँकेचे खाते उघडलेले असताना दुसऱ्या खिडकीतील भलत्याच पानाला आपल्या नावाने बँकेला प्रश्न विचारून उत्तर वाचता आले, तर शिल्लक रक्कम जगाला कळेल. उगम म्हणजे पद्धत, यजमान आणि पोर्ट या तिन्हींचा संयोग. तिन्ही जुळले तरच उगम एक. म्हणून एचटीटीपी आणि एचटीटीपीएस हे निरनिराळे उगम ठरतात. पत्त्याच्या सुरुवातीचे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असणे आणि नसणे यानेही उगम बदलतो. आपल्याच लॅपटॉपवर ३००० आणि ८००० या दोन पोर्टांवर चालणारे प्रोग्रॅम एकमेकांना परके असतात.

या नियमाला वळसा घालण्यासाठी २००५ पासून 'जेसनपी' नावाची युक्ती वापरात होती. ती चालत असे, पण परक्याचा प्रोग्रॅम आपल्या पानात जसाच्या तसा चालू द्यावा लागे, म्हणून धोक्याची होती. राजमार्ग आखला गेला तो 'कॉर्स'च्या रूपाने. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१४ मध्ये त्याला शिफारस केलेल्या मानकाचा दर्जा दिला.

कॉर्सची रीत पाहुण्याला पत्र विचारण्यासारखी आहे. ब्राउझर प्रश्नासोबत 'हा प्रश्न अमुक उगमाच्या पानावरून आला आहे' अशी चिठ्ठी जोडतो. एपीआयने उत्तराच्या शीर्षात 'या उगमाला वाचू द्यावे' असे लिहिले, तरच ब्राउझर ते उत्तर पानाच्या हाती देतो. माहिती केवळ वाचायची असेल तर एवढ्यावर भागते. पण नवी नोंद जेसन स्वरूपात पाठवायची असेल किंवा जुनी खोडायची असेल, तर ब्राउझर आधी एक चौकशीचा निरोप पाठवतो : अशा प्रकारची विनंती या उगमाकडून चालेल काय? होकार आला तरच खरी विनंती निघते. हा होकार ब्राउझर काही काळ लक्षात ठेवतो. फास्टएपीआयच्या मूळ मांडणीत हा काळ सहाशे सेकंदांचा आहे.

फास्टएपीआयमध्ये हे सारे चार-पाच ओळींत होते. 'कॉर्स मिडलवेअर' नावाचा तयार घटक जोडायचा आणि परवानगी असलेले उगम, रीती व शीर्षे यांच्या याद्या त्याला द्यायच्या. यात्रेची माहिती सर्वांसाठी असल्याने उगमांच्या जागी तारका लिहावी, म्हणजे कोणालाही वाचता येईल. रीतींमध्ये मात्र केवळ 'गेट' ठेवावी. माहिती भरण्याचा आणि दुरुस्त करण्याचा भाग वेगळ्या पत्त्यावर, ठरावीक उगमापुरता आणि ओळख पटवल्यावरच उघडणारा असावा. तारका आणि कुकीसह ओळख या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. ब्राउझर ते मान्य करत नाही, आणि ते योग्यच आहे.

नेहमी होणाऱ्या काही चुका येथेच सांगून ठेवलेल्या बऱ्या. परवानगीच्या यादीत पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ राहिली तर उगम जुळत नाही. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो. पान फाइलवर क्लिक करून थेट उघडले तर त्याचा उगम 'नल', म्हणजे शून्यवत, मानला जातो. तिसरी गोष्ट अधिक फसवी आहे. एपीआयच्या आत प्रोग्रॅम कोसळून ५०० हा संकेत गेला, तर त्या उत्तरावर बहुधा परवानगीची शीर्षे नसतात, आणि ब्राउझर तक्रार करतो ती कॉर्सची. दोष डेटाबेसमध्ये आणि शोध चाललेला परवानगीचा, असे होते. म्हणून कॉर्सची तक्रार दिसताच प्रथम एपीआयच्या संगणकावरील नोंदवही पाहावी.

आणि कॉर्स म्हणजे कुलूप नव्हे. हा नियम ब्राउझर पाळतो. मोबाइलचे स्वतंत्र अ‍ॅप किंवा दुसरा सर्व्हर तो पाळण्यास बांधलेला नाही. परवानगीच्या यादीत केवळ आपलेच संकेतस्थळ ठेवले म्हणून माहिती गुप्त राहिली, असे समजणारे चुकतात. जे गुप्त ठेवायचे ते एपीआयच्या उत्तरात येताच कामा नये. हरवलेल्या मुलांची नावे, स्वयंसेवकांचे खासगी दूरध्वनी क्रमांक, निवासात उतरलेल्यांची यादी या गोष्टी खुल्या एपीआयमध्ये घालण्याच्या नव्हेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर तर नाहीच नाही. मदत केंद्राची जागा द्यावी, माणसांची माहिती देऊ नये.

चालवायचे कोणी?

असा एपीआय चालवण्यास लागणारा संगणक किरकोळ मासिक भाड्यात मिळतो. वर्षभर त्यावर फारशी वर्दळ नसते. भार येतो तो रामनवमीच्या आसपासच. त्या दिवसांत गर्दीमुळे नेटवर्क मंदावते, हे गृहीत धरून उत्तरे छोटी ठेवावीत आणि 'हे उत्तर पाच मिनिटे जपून ठेवण्यास हरकत नाही' अशी खूण त्यांवर घालावी. मग प्रत्येक मोबाइल दर वेळी नव्याने विचारत बसत नाही. कोविनप्रमाणे प्रश्नांच्या संख्येवर मर्यादा घालावी, आणि ती ओलांडणाऱ्यास ४२९ हा संकेत द्यावा.

खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे. करोनाकाळात स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या 'कोविड१९इंडिया' या संकेतस्थळाचा एपीआय देशभरातील कित्येक वर्तमानपत्रे आणि संशोधक वापरत होते. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी आपले काम थांबवले, मात्र ते आधी जाहीर करून आणि जुनी माहिती मागे ठेवून. यात्रेच्या एपीआयमागे निदान दोन माणसे हवीत : एक गावात प्रत्यक्ष फिरून पाणपोई कोठे हलली हे पाहणारा, दुसरा ते संगणकात भरणारा. एकाच माणसाने दोन्ही कामे केली तर यात्रेच्या दिवशी तो दोन्हींना पुरा पडणार नाही.

प्रत्येक नोंदीत 'शेवटची दुरुस्ती' हा वेळेचा रकाना सक्तीचा ठेवावा, म्हणजे ही माहिती आज सकाळची की गेल्या वर्षीची, हे तेलुगू पान बनवणाऱ्याला आपल्या वाचकांना दाखवता येईल. पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक घालावा. पुढच्या वर्षी साचा बदलावासा वाटला तर आवृत्ती दोन सुरू करावी आणि आवृत्ती एक लगेच बंद करू नये, कारण ती कोणाकोणाच्या पानांत वापरलेली आहे हे आपल्याला ठाऊक नसते. यात्रा संपल्यावर जादा बसगाड्यांची यादी रिकामी करावी. प्रश्न आल्यास २०० या संकेतासह रिकामी यादी जावी. चैत्रातली वेळ पाहून कोणी श्रावणात वाशिमच्या स्थानकावर बसची वाट पाहत उभा राहू नये.